पाहुण्याची उडी

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास पडद्यावरच्या गुप्तहेराने सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर उडी मारली आणि चित्रपटगृहातल्या शेवटच्या दोन रांगा खो-खो हसल्या.

बाकीचे सभागृह तेव्हा श्वास रोखून बसले होते. पार्श्वसंगीत मुद्दाम थांबवलेले होते, त्यामुळे हसू स्पष्ट ऐकू आले. पुढच्या रांगांनी माना वळवल्या. कुणीतरी ओरडले, "ओ, हसायचं असेल तर घरी जा!" मागून एका बाईचा आवाज आला, "घरी कुणी इतकं छान सांगत नाही हो."

हे उत्तर पुढच्यांना कळले नाही. कळण्यासारखे नव्हतेच. शेवटच्या दोन रांगांतले प्रेक्षक अंध होते, त्यांच्या कानांवर हेडफोन होते आणि त्या हेडफोनमधून नुकतेच हे शब्द गेले होते:

"धावतोय. धावतोय. कठड्यावर पाय. उडी! उडी मारणारा तो नाही. याचे कान मोठे आहेत आणि याला पोट नाही. पलीकडे पोचला. आता कॅमेरा जवळ आला, आता पुन्हा तो. धाप लागली आहे. केस जागच्या जागी."

'तो' म्हणजे ज्येष्ठ नट. तरुणपणी त्याने गुप्तहेराचे चार चित्रपट केले. त्यांतल्या हेराचे सांकेतिक नाव 'पाहुणा' होते आणि पुढे लोक नटालाही त्याच नावाने ओळखू लागले. नंतर तो वडील झाला, न्यायाधीश झाला, दोनदा पडद्यावर हृदयविकाराने गेला. जवळपास पस्तीस वर्षांनी, वयाची पासष्टी उलटल्यावर, त्याने पुन्हा काळा कोट चढवला होता. शहरभर लागलेल्या पोस्टरवर कोट होता, कोटात तो होता आणि खाली लिहिले होते: 'पाहुणा परत आलाय.'

बोलणारी बाई प्रोजेक्टरच्या खोलीला लागून असलेल्या केबिनमध्ये होती. पूर्वी तिथे रिळांचे डबे ठेवत. आता काचेची खिडकी, एक माइक आणि कापड टाकून मंद केलेला टेबललॅम्प एवढेच होते. नव्या चित्रपटाच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज दुपारच्या खेळाला बाई तिथे बसायची आणि पडद्यावर जे दिसते ते मागच्या रांगांना सांगायची. त्याआधी तिने नोकरीची सगळी वर्षे रेडिओवर फुटबॉल आणि हॉकीच्या सामन्यांचे समालोचन केले होते. चित्रपटगृहात तिला सगळे ताई म्हणत. तिला 'बारके' म्हणणारा माणूस एकच होता. तो शेवटच्या रांगेत कडेपासून दुसऱ्या खुर्चीवर बसायचा. तो तिचा थोरला भाऊ.

दादा जन्मापासून अंध. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेला. लहानपणापासून तो चित्रपटाला बहिणीला घेऊन जायचा आणि ती त्याच्या कानात कुजबुजत राहायची. आजूबाजूचे "शू:" करायचे, कधी खुर्चीला लाथ मारायचे. ही कुजबुज मोठी होऊन माइकपर्यंत पोचली. सध्याच्या मॅनेजरने केबिन दिली. हेडफोन आणि यंत्र मात्र चित्रपट काढून वितरित करणाऱ्या कंपनीचे होते. वर्णनाची संहिताही कंपनीच पाठवायची. बाईने ती वाचायची, एवढीच अपेक्षा होती.

तिने वाचलीही असती. घोटाळा कंपनीचा होता.

गुप्तहेराचा चित्रपट म्हणून कंपनीने सगळ्याच बाबतीत गुप्तता पाळली. संहिता बंद पाकिटात शुक्रवारी सकाळी आली आणि खेळ सुरू झाल्याशिवाय पाकीट उघडू नये अशी सूचना होती. बाईने सूचना पाळली. पहिला अर्धा तास ठीक गेला. मग हेडफोनमध्ये "तो शास्त्रज्ञ तरुणीला हळुवारपणे जवळ घेतो" असे ऐकू आले, त्या वेळी सभागृहात हेलिकॉप्टर घोंघावत होते. दादाने शेजाऱ्याला विचारले, "हे हेलिकॉप्टरमध्येच चाललंय का?" पुढच्या वाक्यात पाहुणा संध्याकाळच्या समुद्राकडे एकटक पाहत होता. पडद्यावर त्याला दोन माणसे बुकलत होती. संहिता शेवटच्या क्षणी केलेल्या कापाकापीच्या आधीची होती. चित्रपट पुढे गेला होता आणि कागद मागे राहिले होते.

बाईने पाने पुढे-मागे केली, जागा सापडेना. पडद्यावर मारामारी सुरू होती आणि पंधरा-वीस जण हेडफोन लावून शांतता ऐकत होते. रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा. बाईने कागद पालथे ठेवले, माइक पुढे ओढला आणि सामना सुरू असल्यासारखी बोलू लागली. एकदा त्या चालीत शिरल्यावर जे दिसेल ते आले. गुप्तहेर खुर्चीतून उठताना हात टेकतो, हे आले. शत्रूच्या माणसांतला तिसरा आपली पाळी येईपर्यंत उगाच जागेवर नाचतो, हे आले. शास्त्रज्ञ तरुणी नायकाच्या मुलीच्या वयाची दिसते, हे आले. आणि कान आले.

मध्यंतरात खाली पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी वादावादी झाली.

"गंभीर चित्रपट आहे हो, तुमच्या लोकांना समजवा," एक गृहस्थ डोअरकीपरला सांगत होते.

"ते सांगतात त्यांना दिसत नाही म्हणून," डोअरकीपर म्हणाला.

"दिसत नाही तर हसतात कशाला?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो. तुम्हाला दिसतंय तर तुम्ही का नाही हसलात?"

उत्तरार्धात पुढच्या रांगाही हसू लागल्या. का, ते त्यांना ठाऊक नव्हते. पण मागून हसू आले की पडद्यावर काहीतरी असणार अशी त्यांची खात्री झाली होती, आणि नीट पाहिले की ते सापडतही होते. संध्याकाळच्या खेळाला हेडफोन नव्हते, मागच्या रांगा नेहमीच्या प्रेक्षकांनी भरलेल्या होत्या. तो खेळ स्मशानशांततेत पार पडला.

परिणामी शनिवारी सकाळपर्यंत एकाच चित्रपटाबद्दल, लिहिणारे दोन वेगळ्या शहरांत राहत असावेत अशी मते फिरू लागली. दुपारच्या लोकांनी लिहिले: पाहुण्याने स्वतःचीच टर उडवली आहे, या वयात असे धाडस करायला मोठे मन लागते, पोट दुखेपर्यंत हसलो. संध्याकाळच्यांनी लिहिले: जुने दिवस गेले, उडी बरी होती, गुडघे नव्हते. एका बाईंनी लिहिले की त्याचे डोळे अजून तसेच आहेत, बाकीचे बघायला कुणी सांगितले आहे. एकाने त्याला सल्ला दिला की आता नातवंडे सांभाळावीत. त्याखाली तिघांनी विचारले की दुपारच्या खेळाची तिकिटे कुठे मिळतात.

मागच्या रांगांतही एकमत नव्हते. दूरध्वनी केंद्रातून निवृत्त झालेला ऑपरेटर आणि फिजिओथेरपी करणारी बाई, हे दोघे दादाचे जुने सोबती. दोघेही खूश होते. "आयुष्यात पहिल्यांदा आपण डोळसांच्या आधी हसलो," ऑपरेटर म्हणाला. फिजिओने वर्णन ऐकूनच निदान केले होते: "उजवा गुडघा. मी पैज लावते." दादा मात्र हेडफोन परत करून आधीच दाराकडे निघाला होता.

भाऊ-बहीण एकाच घरात राहत. जेवणाच्या टेबलाशी बाईने ताट पुढे सरकवले.

"भाजी डावीकडे आहे."

"भाजीचे कान कसे आहेत?" दादाने विचारले.

"हे बघ, दादा..."

"मी कसं बघू? तूच बघतेस. आणि बघतेस ते सगळं सांगतेस. तुला कुणी सांगितलं होतं कान मोजायला?"

"दिसले, सांगितले. मग काय खोटं सांगू? आयुष्यभर इतिहास शिकवलास आणि तुला खोटं हवंय?"

"आयुष्यभर शिकवला म्हणूनच. आता निवृत्त झाल्यावरही पुरावे ऐकू का?" दादाने पोळीचा तुकडा मोडला. "बारके, माझ्यासाठी ती उडी त्याचीच होती. पाऊल कठड्यावर पडलं, ते मी ऐकलं. त्याचं पाऊल मी हजारांत ओळखतो. आणि तू मधेच दुसराच माणूस आणलास."

"मी नाही आणला. त्यांनी आणला."

"पहिल्या चित्रपटात तो पुलावरून नदीत पडला होता, आठवतं? सगळं थिएटर रडत होतं. मी तुला विचारलं, मेला का? तू काय म्हणालीस?"

बाईने पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा ठेवला.

"पोहत गेला म्हणाले."

"पडद्यावर पोहताना दिसला होता?"

"नाही. पण तू रडत होतास. आणि दुसऱ्या भागात जिवंत निघालाच की तो!"

"निघणारच. कंपनीने तुझं ऐकून दुसरा भाग काढला," दादा म्हणाला. "तेव्हा तू सांगायचीस. आता नुसता पंचनामा करतेस. उद्यापासून मला हेडफोन नको. मी नुसता आवाज ऐकेन."

शनिवारी तो खरोखरच हेडफोन न घेता बसला. दुपारच्या खेळाला गर्दी लोटली होती. रविवारी त्याहून जास्त. काउंटरवर लोक हेडफोन मागू लागले. मॅनेजरने फलक लावला की हेडफोन फक्त अंध प्रेक्षकांसाठी आहेत. त्यामुळे रविवारी काळे चष्मे लावलेले बरेच पुरुष आले. एक जण छताकडे तोंड करून चाचपडत आला आणि वाटेतली पायरी मात्र न चुकता चढला. डोअरकीपरने त्याच्यापुढे तिकीट धरले.

"काका, एवढा सीट नंबर वाचून दाखवता का? माझा चष्मा विसरलाय."

"के सतरा," काका पटकन म्हणाले.

"पुढे जा. डावीकडे. हेडफोनशिवाय."

ही परीक्षा डोअरकीपरला स्वतःलाच इतकी आवडली की त्याने ती सगळ्यांची घ्यायला सुरुवात केली. मागच्या रांगांतले नेहमीचे प्रेक्षक त्याला "आम्ही सगळेच नापास, यादी आणू का?" म्हणून छळू लागले.

सोमवारी कंपनीचा प्रतिनिधी आला. तरुण होता, कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बोलताना फोन टेबलावर उलटा ठेवत होता. मॅनेजरच्या खोलीत त्याने बाईला बसायला सांगितले.

"मॅडम, आमची चूक झाली, मान्य आहे. ही सुधारलेली संहिता. आता काही प्रश्न नाही ना?"

"वाचली," बाई म्हणाली. "'तो बिबट्यासारखा झेपावतो, मृत्यूला हुलकावणी देतो.' झेपावणारा तो नाहीये."

"ते सगळ्यांना माहीत असतं हो. कोण बोलून दाखवतं का? तुम्ही वर्णन करा, पंचनामा नको."

पंचनामा हा शब्द तीन दिवसांत दुसऱ्यांदा ऐकून बाईने संहिता मिटली.

"तिकिटं तर तुफान खपतायत," मॅनेजर हळूच म्हणाला.

"तिकिटांचा विषयच नाही. कंपनीला नटसाहेबांशी पुढच्या भागाचा करार करायचाय. आठवड्याभरात सही आहे. त्यांच्या कानावर गेलं की लोक उडीला हसतात..." प्रतिनिधीने 'कानावर' म्हणताना स्वतःचा कान धरला आणि लगेच सोडला. "बुधवारी मी स्वतः येतो. हेडफोन लावून, संहिता हातात घेऊन बसतो. शब्द इकडचा तिकडे झाला तर यंत्र आमचं आहे, खोक्यात भरून घेऊन जाईन. मग तुमच्या लोकांनी चित्रपट कसे बघायचे ते तुम्ही ठरवा."

बाईने हे मागच्या रांगांना सांगितले तेव्हा ऑपरेटर म्हणाला, "न्या म्हणावं यंत्र. ताई, तुम्ही मेगाफोन घेऊन उभ्या राहा." फिजिओ म्हणाली, "अहो, या शहरात दुसरं थिएटर नाही आपल्यासाठी. बिबट्या तर बिबट्या. माझ्याकडे येणारे सगळे स्वतःला बिबट्याच समजतात." मग दोघांची जुंपली. दादा काठी गुडघ्यांत धरून ऐकत होता.

"तू सांग, दादा," बाई म्हणाली.

"मी हेडफोन लावत नाही. माझं मत कशाला?"

"तरी."

"वाच. बिबट्या वाच," दादा म्हणाला. "पण वाचताना मनातल्या मनात कान मोजू नकोस. ते मला ऐकू येतं."

बुधवारी दुपारी खेळ सुरू होण्याआधी टोपी घातलेला एक म्हातारा माणूस एकटाच आला. उंच होता, पण खांद्यात किंचित वाकलेला. त्याने डोअरकीपरकडे हेडफोन मागितला. डोअरकीपरने तिकीट त्याच्यापुढे धरले.

"काका, नंबर काय आहे हो?"

म्हाताऱ्याने तिकीट जवळ घेतले. मग लांब धरले. मग आणखी लांब धरले, हात संपेपर्यंत. खिसे चाचपले. "चष्मा गाडीत राहिला वाटतं," तो म्हणाला.

डोअरकीपरचा चेहरा एकदम मऊ झाला. काळा चष्मा नाही, सोंग नाही, आणि वर चष्मा विसरल्याचे स्वाभिमानाने सांगणे. त्याने म्हाताऱ्याचा कोपर धरला. "पायरी आहे, काका. आणखी एक. बास." त्याने त्याला शेवटच्या रांगेत दादाशेजारी नेऊन बसवले आणि हेडफोन स्वतःच्या हाताने डोक्यावर चढवला.

प्रतिनिधी त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. मांडीवर संहिता, हातात छोटी विजेरी, बोट पहिल्या ओळीवर. पडद्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही.

बाई वाचत होती. "तो वाऱ्याच्या वेगाने जिना चढतो. त्याच्या डोळ्यांत निखारे आहेत." मागच्या रांगांतून कुणाची तरी जांभई आली. पुढच्या रांगा, खास हसायला आलेल्या, मागे वळून वळून पाहत होत्या. कधी सुरू करायचे ते त्यांना कळत नव्हते. मग पडद्यावर बर्फाचा प्रसंग आला. सगळा पडदा पांढरा झाला आणि उजेड थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. बाईने सवयीने खिडकीतून दादाकडे नजर टाकली. दादाशेजारच्या माणसाने घाम पुसायला टोपी काढली होती. हेडफोन एका बाजूने सरकला होता आणि एक कान उघडा होता.

शुक्रवारपासून तिने तो कान पडद्यावर रोज उडी मारणाऱ्याच्या मोठ्या कानाशी ताडून पाहिला होता. चूक होणे शक्य नव्हते. बाईचे वाक्य अर्ध्यावर तुटले. प्रतिनिधीचे बोट थबकले. मग तिने वाक्य पुरे केले आणि पाणी प्यायली.

यापुढे शेवटच्या रांगेत जे झाले त्याचा साक्षीदार ऑपरेटर. तो दादाच्या दुसऱ्या बाजूला बसला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाइनवर कान ठेवलेला माणूस असल्याने त्याने हेडफोनची एक बाजू वर उचललेली होती.

त्याच्या सांगण्यानुसार, जिन्याच्या लांबलचक प्रसंगात दादाने शेजाऱ्याला कोपर मारला.

"काय चाललंय हो? माझ्याकडे हेडफोन नाही."

शेजारी दादाकडे झुकला. "जिना चढतोय," तो कुजबुजला.

आवाज ऐकून दादा सावरून बसला. ऑपरेटरला हे नंतर जाणवले.

"एवढा वेळ?"

"बरेच जिने आहेत."

"पावलं मात्र तीच. तुम्हाला सांगतो, हजारांत ओळखेन."

"पावलं त्याची नसतात," शेजारी म्हणाला. "स्टुडिओत एक माणूस बसतो. बूट हातांत घालून फरशीवर वाजवतो. पहिल्या चित्रपटापासून तोच आहे. फार चांगला माणूस."

दादाने काठी गुडघ्यांत घट्ट धरली.

"उडी त्याची नाही म्हणतात. आता पावलंही नाहीत. मग त्याचं आहे काय यात?"

"धाप," शेजारी म्हणाला. "धाप संपूर्ण त्याची आहे."

ऑपरेटर हसणार होता, पण तेवढ्यात संगीत थांबले. गच्चीचा प्रसंग आला होता. प्रतिनिधीचे बोट बिबट्यावर होते. पुढच्या रांगा मागे वळून तयार होत्या. दादा खुर्चीत पुढे सरकला.

हेडफोनमध्ये बाईचा श्वास आत घेतलेला ऐकू आला आणि पुढे काहीच आले नाही. बिबट्या नाही, मृत्यू नाही, कान नाहीत. ऑपरेटरला वाटले यंत्र बिघडले. त्याने हेडफोन दोन्ही हातांनी गच्च दाबून पाहिला, त्यावर टिचक्या मारल्या. त्यामुळे नेमके त्याच वेळी शेजारी दादाच्या कानाशी वाकून काय बोलला, ते त्याला ऐकू आले नाही. या चुकीबद्दल तो अजून स्वतःला शिव्या देतो. त्याला एवढेच कळले की शेजारी बराच वेळ बोलत होता, उडीला लागतो त्यापेक्षा जास्त. आणि दादाने त्याचे मनगट धरले होते. हसले कुणीच नाही.

मग हेडफोन पुन्हा सुरू झाला. "पलीकडे पोचला," बाई म्हणाली, आणि संहितेतली पुढची ओळ वाचू लागली.

खेळ संपल्यावर म्हातारा खुर्चीतून उठला तेव्हा फिजिओने कान टवकारले.

"उजवा ना?" तिने विचारले.

"दोन्ही," म्हातारा म्हणाला.

दारापाशी प्रतिनिधी संहिता काखेत मारून घाईने निघाला होता. त्याने दार धरून ठेवले. "सावकाश, आजोबा," तो म्हणाला. आजोबांनी त्याच्या पाठीवर थोपटले आणि ते बाहेर पडले. हेडफोन डोक्यावरून गळ्यात उतरला होता, तो तसाच गळ्यात राहिला. डोअरकीपरच्या ध्यानात आले तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हते.

प्रतिनिधीची अडचण मॅनेजरच्या खोलीत उघड झाली. "शब्द इकडचा तिकडे झाला का?" मॅनेजरने विचारले. नव्हता झाला. एक ओळ वाचली गेली नव्हती आणि त्या जागी दोन शब्द आले होते, जे संहितेत पुढच्याच ओळीत होते. गप्प बसण्याबद्दल नियमांत काही नव्हते. "मी वर विचारतो," म्हणून प्रतिनिधी गेला. खोके दारामागे ठेवून गेला, रिकामेच.

घरी बाईने ताट वाढले आणि भावासमोर बसली.

"काय म्हणाला तो?"

"कोण?"

"दादा, मला कान दिसले. मला माहीत आहे कोण होता."

"आणि मी आवाज ओळखला. आता पावलांचं नाव काढू नकोस."

"उडीच्या वेळी काय सांगितलं त्याने? माझी म्हणाला की दुसऱ्याची?"

"ते आमच्या दोघांतलं आहे. गुप्त." दादाने आमटीची वाटी चाचपली. "तू का थांबलीस?"

"खोकला आला होता."

"मग माझ्याही ते आता लक्षात नाही."

"दादा!"

"एवढंच सांगतो. त्याने छान सांगितलं. पण मधे मधे अडखळत होता. सवय नाही त्याला, बारके. तुझ्याइतकं जमत नाही."

गुरुवारी कंपनीने जाहीर केले की पुढच्या भागाचा करार काही दिवसांसाठी पुढे ढकलला आहे; कारण दिलेले नाही. नटाने फोन उचललेला नाही. चित्रपटाबद्दलची मते अजून दोन्ही बाजूंनी येत आहेत. दुपारच्या खेळाला आलेल्या कुणीतरी नव्याने लिहिले आहे की या वेळी मागचे हसलेच नाहीत, पैसे वाया गेले.

आज शुक्रवार, चित्रपटाचा दुसरा आठवडा. वरून उत्तर आलेले नाही, त्यामुळे यंत्र जागेवर आहे आणि खोकेही. एक हेडफोन कमी आहे. केबिनमध्ये टेबललॅम्प लागला आहे. खाली दोन्ही संहिता, जुनी आणि सुधारलेली, पालथ्या पडल्या आहेत. दादा वेळेआधी आला. डोअरकीपरने विचारायच्या आधीच त्याने हात पुढे केला, हेडफोन घेतला आणि गळ्यात अडकवला.

"कानावर लावू का, सर?" डोअरकीपरने विचारले.

"थांबा जरा," दादा म्हणाला.

खेळ सुरू होऊन बराच वेळ झाला आहे. पाहुणा जिना चढतो आहे. गच्ची आता जवळ आली आहे. हेडफोन अजून गळ्यातच आहे. दादाचा एक हात मात्र त्यावर आहे.